सीबॅपचे साडेसात हजार तास

२० ऑगस्ट २०२२, शनिवारी माझी सीबॅप झाली. सीबॅप म्हणजे आयआयबीए, म्हणजे इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस अ‍ॅनालिसिस, या संस्थेची सर्टिफाइड बिझनेस अ‍ॅनालिसिस प्रोफेशनल ही परीक्षा. बिझनेस अ‍ॅनालिसिस म्हणजे धंद्याला नेमकं काय हवंय, म्हणजे रिक्वायरमेंट, ते समजून घेऊन नीट लिहून काढण्याचं काम, आणि ते करणारा तो बिझनेस अ‍ॅनालिस्ट, थोडक्यात बीए. पास झाले. जानेवारीत सुरुवात केली तेव्हा नेटवर जे जे वाचलं त्यात एकतर 'तीन आठवड्यात उरकली' म्हणणारी माणसं होती नाहीतर क्लासच्या जाहिराती, आणि मला जे हवं होतं, की अर्जात नेमकं काय भरायचं, कुठे अडकायला होतं, किती दिवस जातात, ते कोणी सांगत नव्हतं. म्हणून आठवतंय तोवर लिहून ठेवते. लांबलंय. कंटाळा आला तर तासांचा भाग तेवढा वाचा, बाकीचं कुठेही मिळेल.

आधी थोडं माझ्याबद्दल, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. नोकरीला नऊ वर्षं झाली, पहिली दोन टेस्टिंगमधे आणि नंतरची सात बीए म्हणून. आयआयबीएच्या तीन पायऱ्या आहेत: ईसीबीएला अनुभव लागत नाही, सीसीबीएला मागच्या सात वर्षांत ३७५० तास लागतात, आणि सीबॅपला मागच्या दहा वर्षांत ७५०० तास. मी सात गुणिले वर्षाचे साधारण १८०० तास असा हिशोब केला, साडेबारा हजार आले, म्हटलं आपण तर कधीच पात्र झालोय, दोन संध्याकाळी अर्ज भरून टाकू.

त्या दोन संध्याकाळींचे तीन महिने झाले.

झालं असं की तास म्हणजे नोकरीचे तास नाहीत, बिझनेस अ‍ॅनालिसिसचे तास. टेस्टिंग गेलं. प्रोजेक्ट मॅनेजर रजेवर असताना मी जे स्टेटस रिपोर्ट बनवले ते गेले. युजर्सना ट्रेनिंग दिलं ते गेलं, गो-लाइव्हनंतर, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष सुरू झाल्यावर, तीन-तीन महिने सपोर्टचे फोन घेतले तेही गेले. आणि उरलेलं नुसतं एकगठ्ठा लिहून चालत नाही, बॅबॉक गाइडमधे, म्हणजे आयआयबीएच्या या कामावरच्या मूळ पुस्तकात, जे सहा नॉलेज एरिया, म्हणजे कामाचे विभाग, आहेत त्यांत वाटून दाखवायचं, आणि सहापैकी किमान चार एरियात प्रत्येकी ९०० तास भरलेच पाहिजेत. ही ९०० ची अट मी आधी वाचलीच नव्हती. एकूण आकडा बघून खूश होणारे माझ्यासारखे बरेच असणार, म्हणून मुद्दाम सांगतेय.

मग एक्सेल उघडलं. डावीकडे प्रोजेक्ट, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, आठवड्याला सरासरी किती तास, आणि पुढे सहा कॉलम. सात वर्षांत चौदा प्रोजेक्ट निघाले, त्यातल्या तिघांची तर नावंसुद्धा विसरले होते. टाइमशीट पहिल्या कंपनीतलं मिळणं शक्य नव्हतं, त्यामुळे स्वतःला फॉरवर्ड केलेले मेल, कॅलेंडरमधली जुनी आमंत्रणं, आणि एका जुन्या सहकारी मैत्रिणीला फोन. ती म्हणाली, "अगं, तो प्रोजेक्ट सहा महिने नाही, अकरा महिने चालला होता, शेवटचे पाच महिने आपण फक्त बदल लिहीत होतो." अशी माणसं जपून ठेवा. तीन रविवार गेले यात.

पहिल्या फेरीची बेरीज ७९८० आली. हुश्श झालं, पण प्लॅनिंग अँड मॉनिटरिंगच्या कॉलममधे ७८० होते आणि माझे ९०० च्या वरचे एरिया तीनच भरत होते. दोन दिवस फार वाईट गेले. खोटं भरायचं नव्हतं, कारण अर्जांमधून काही अर्ज तपासणीला काढतात आणि मुख्य म्हणजे मलाच ते टोचलं असतं. शेवटी बॅबॉकचं ते प्रकरण पहिल्यांदा नीट वाचलं, नुसती हेडिंगं नाही. त्यात स्टेकहोल्डर, म्हणजे प्रोजेक्टशी संबंध असलेली माणसं, त्यांच्या एंगेजमेंटचं प्लॅनिंग हे बीएचं काम म्हणून स्पष्ट दिलंय. आणि मी दोन जुन्या प्रोजेक्टमधलं तेच काम, म्हणजे कोणकोणत्या विभागाशी बोलायचं, कोण निर्णय घेणार, कोणाला फक्त कळवायचं याचे तक्ते बनवणं, 'हे प्रोजेक्ट मॅनेजरचं' म्हणून खोडून टाकलं होतं. ते परत घेतलं, १७० तास वाढले, ९५० झाले. उलटंही झालं असतं बरं का, एखादं काम आपलं वाटतंय आणि ते व्याख्येत बसत नाही. म्हणून हा भाग अर्ज भरायच्या आधी वाचा, नंतर नाही. माझं उलटं झालं.

शेवटचा हिशोब असा: रिक्वायरमेंट्स अ‍ॅनालिसिस अँड डिझाइन डेफिनिशन ३१००, एलिसिटेशन, म्हणजे माणसांकडून माहिती काढून घेणं, १९००, रिक्वायरमेंट्स लाइफ सायकल १४००, प्लॅनिंग ९५०, सोल्युशन इव्हॅल्युएशन ५००, स्ट्रॅटेजी अ‍ॅनालिसिस ३००. एकूण ८१५०.

त्या शेवटच्या आकड्याकडे मी बराच वेळ बघत बसले होते. सात वर्षांत तीनशे तास, म्हणजे वर्षाला जेमतेम एक आठवडा. 'हे मुळात करायचं कशाला' हा प्रश्न विचारण्यात मी वर्षाचा एक आठवडा घालवला होता आणि बाकी सगळा वेळ कोणीतरी आधीच ठरवलेलं नीट लिहून काढण्यात. अप्रेझलमधे हे कधी दिसलं नाही, एक्सेलमधे दिसलं. त्या रात्री परीक्षेपेक्षा नोकरीचाच विचार जास्त केला.

तासांशिवाय अजून दोन गोष्टी लागतात. एक, मागच्या चार वर्षांत ३५ तासांचं प्रोफेशनल डेव्हलपमेंट. माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून फेब्रुवारी-मार्चमधे शनिवार-रविवारचा ऑनलाइन क्लास केला. क्लास घेताना सर्टिफिकेटवर तास स्पष्ट लिहून मिळणार का एवढं आधी विचारा. शिकवणारे बरे होते, पण स्लाइड वाचून दाखवायचे, खरा अभ्यास मला नंतर स्वतःच करावा लागला. दोन, दोन रेफरन्स. मी एक आधीच्या मॅनेजरचा दिला आणि एक दुसऱ्या विभागातल्या मॅडमचा, ज्यांच्यासाठी आम्ही सिस्टिम केली होती. मॅडमनी दुसऱ्याच दिवशी काम केलं. सरांकडून आठ दिवस काहीच हालचाल नाही, आणि इतक्या वर्षांनी त्यांना आठवण तरी कशी करायची या संकोचात मी अजून चार दिवस घालवले. फोन केला तर म्हणाले, "अगं मला मेल आलाच नाही." स्पॅममधे होता. पाच मिनिटांत झालं. रेफरन्सवाल्यांना आधी फोन, मग त्यांचं नाव टाका, आणि त्याच दिवशी स्पॅम बघायला सांगा.

पैशांचं: मी १० एप्रिलला अर्ज टाकला तेव्हा अर्जाची फी १४५ डॉलर होती, ती परत मिळत नाही. परीक्षेची फी वेगळी, तेव्हा मेंबरला ३५० आणि मेंबर नसलेल्याला ५०५ होती. हे आकडे बदलत असतात, भरायच्या दिवशी बघून घ्या. मी मेंबरशिप घेतली, कारण फरक १५५ डॉलरचा आणि शिवाय मेंबरला बॅबॉकची पीडीएफ मिळते. फक्त क्रम सांभाळा, आधी मेंबरशिप, मग परीक्षेची फी. माझा एक मित्र उलटं करून बसला. क्लासचे पैसे वेगळे, आणि मॉक टेस्टचे अजून वेगळे, ते मी सुरुवातीला धरलेच नव्हते.

चौथ्या दिवशी मंजुरीचा मेल आला. तिथून एक वर्षाच्या आत परीक्षा द्यायची असते. मी तारीख लगेच घेतली नाही, ही चूक. तारीख नसली की अभ्यास 'या आठवड्यात जरा काम आहे' वर जातो. मेचा अख्खा महिना तसा गेला.

आता अभ्यास. बॅबॉकची तिसरी आवृत्ती, २०१५ सालची, पाचशे पानांच्या आसपास. सहा नॉलेज एरिया, त्यांत मिळून ३० टास्क, मग ५० टेक्निक, वर अ‍ॅजाइल, बिझनेस इंटेलिजन्स वगैरे पाच पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे कामाकडे बघायचे दृष्टिकोन. भाषा इतकी कोरडी की सकाळी साडेपाचला उठून वाचायला बसलं की सहा वाजता परत झोप. मी पहिला महिना एक भलतीच गोष्ट केली: तीसही टास्कचे इनपुट आणि आउटपुट पाठ केले. भिंतीवर कागद चिकटवला, लेकीने त्यावर चित्रं काढली, मी तरीही पाठ करत राहिले. सीबॅपमधे असं सरळ पाठांतर फार कमी विचारतात, प्रश्न सगळे परिस्थिती देऊन असतात.

पण तो कागद वाया गेला नाही, त्याचा दुसराच उपयोग झाला. मी एक रिक्वायरमेंट घेतली, अगदी साधी, 'गोदामात माल आला की लगेच स्टॉकमधे दिसला पाहिजे', आणि ती पेन्सिलने एका टास्कमधून दुसऱ्या टास्कमधे चालवत नेली. कोणीतरी मीटिंगमधे बोललं, तेव्हा तो नुसता एलिसिटेशनचा अनकन्फर्म्ड, म्हणजे न पडताळलेला, निकाल. ज्याने सांगितलं त्याच्याशी आणि बाकीच्या माहितीशी ताडून बघितली, मग कन्फर्म्ड. मग लिहिली, मॉडेल काढलं. मग व्हेरिफाय, म्हणजे ती नीट लिहिली आहे का, 'लगेच' म्हणजे किती मिनिटं, दोन माणसं दोन अर्थ काढतील का. आणि व्हॅलिडेट, म्हणजे ती मुळात कामाची आहे का, धंद्याच्या उद्दिष्टाला धरून आहे का. ऑफिसात आम्ही हे दोन्ही शब्द कुठलाही कुठेही वापरायचो. बॅबॉक म्हणतं व्हॅलिडेशन तुम्ही आधी सुरू करू शकता, पण व्हेरिफिकेशन पूर्ण झाल्याशिवाय व्हॅलिडेशन पूर्ण होत नाही. आणि अप्रूव्हलला जाते ती व्हेरिफाय झालेली रिक्वायरमेंट. हे एकदा हाताने काढल्यावर जे डोक्यात बसलं ते महिनाभराच्या पाठांतराने बसलं नव्हतं. तुम्ही पण तुमच्या कामातली एक रिक्वायरमेंट घेऊन करून बघा, फक्त खरी घ्या, पुस्तकातली नको.

जूनच्या सुरुवातीला पहिला मॉक दिला. ५८ टक्के. सात वर्षं हेच काम करतेय आणि ५८! इतका राग आला की उत्तरं न बघता लॅपटॉप बंद केला. दुसऱ्या दिवशी चुकलेले प्रश्न एकेक करून काढले, तर निम्म्याहून जास्त ठिकाणी मी 'आमच्याकडे असं करतात' ते उत्तर दिलं होतं. उदाहरणार्थ, मी माझ्या शब्दांत सांगते, डिलिव्हरी उशिरा जातायत, स्पॉन्सर म्हणतोय अमुक सॉफ्टवेअर घेऊ या, बीएने आता काय करावं? माझा हात आपोआप 'व्हेंडरचा डेमो लावणे' वर गेला. कारण सात वर्षं मी तेच केलंय, साहेब म्हणाले सॉफ्टवेअर तर सॉफ्टवेअर. बॅबॉकचं उत्तर: आधी सध्याची परिस्थिती समजून घ्या, गरज काय आहे ते बघा, उशीर नक्की कुठे होतोय. ते माझे तीनशे तास इथे आडवे आले. तसंच प्रायॉरिटी कोण ठरवतं. आमच्याकडे बीए एक्सेलमधे हाय-मीडियम-लो टाकून मोकळा होतो. पुस्तकात बीए ते घडवून आणतो, माणसांना एकत्र बसवतो, फायदा, किंमत, जोखीम, एकमेकांवरचं अवलंबन, वेळेची निकड वगैरे समोर मांडतो, स्वतःच ठरवून टाकत नाही.

तेव्हापासून एक वही केली, डावीकडे 'आमच्याकडे', उजवीकडे 'बॅबॉककडे'. चाळीसेक ओळी झाल्या. मला विचाराल तर माझा खरा अभ्यास म्हणजे ती वही. अनुभव जितका जास्त तितकी ही वही जाड होणार, कारण नवख्याला विसरायला काही नसतंच.

वेळ कुठे घालवायचा ते वेटेजवरून ठरवा. रिक्वायरमेंट्स अ‍ॅनालिसिस अँड डिझाइनला एकट्याला ३० टक्के, लाइफ सायकल आणि स्ट्रॅटेजी १५-१५, प्लॅनिंग आणि सोल्युशन इव्हॅल्युएशन १४-१४, एलिसिटेशन १२. टेक्निकमधे डिसिजन टेबल, स्टेट मॉडेल, डेटा फ्लो, फायनान्शियल अ‍ॅनालिसिस हे हाताने सोडवा. डिसिजन टेबलमधे हो-नाहीच्या तीन अटी म्हणजे आठ नियम, हे वाचून कळतं, पण घड्याळ चालू असताना सुचत नाही. एलिसिटेशन मी जवळजवळ सोडूनच दिलं, म्हटलं रोज तेच करतो की. लक्षात ठेवा हे वाक्य.

पुढचे मॉक ६६, ७१, ७० आणि शेवटचा ७८. पास व्हायला किती टक्के लागतात हे आयआयबीए जाहीर करत नाही, त्यामुळे 'इतके आले की द्या' असं कोणी ठामपणे सांगत असेल तर तो त्याचा अंदाज. ७१ आल्यावर मी २० ऑगस्टची तारीख घेतली.

आणि तारीख घेताना लक्षात आलं की पोर्टलवर माझं नाव लग्नाआधीचं आहे, आणि पासपोर्टवर आत्ताचं. अकाउंट मी पाच वर्षांपूर्वी कधीतरी कुठल्यातरी वेबिनारसाठी काढलं होतं! ओळखपत्रावरचं आणि बुकिंगवरचं नाव जुळलं नाही तर बसूच देत नाहीत. सपोर्टला लिहिलं, पासपोर्टची प्रत पाठवली, तीन दिवस गेले, मग बदललं. तीन दिवस काही फार नाहीत, पण हेच आदल्या रात्री कळलं असतं तर? अकाउंट काढतानाच नाव ओळखपत्राबरहुकूम टाका.

परीक्षा घरूनच दिली, कॅमेऱ्यासमोर. ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका, त्यातलं सिक्युरिटी सॉफ्टवेअर त्यांच्या ब्राउझरला चालू देत नाही, माझी सिस्टिम टेस्ट दोनदा फसली, शेवटी भावाचा लॅपटॉप आणला. टेबलावर काही नको, भिंतीवर काही नको, तो चित्रांचा कागद काढला तर भिंतीचा रंग निघाला. नवऱ्याला आणि लेकीला चार तासांसाठी घराबाहेर पाठवलं. सुरू व्हायच्या आधी खोली फिरवून दाखवायची, टेबलाखाली, खुर्चीमागे, मनगटं, कान. मला चष्मा काढून दाखवायला लावला. वीस मिनिटं यातच गेली आणि तोवर हात गार पडले होते.

साडेतीन तास, १२० प्रश्न. म्हणजे प्रश्नाला पावणेदोन मिनिटं. ऐकायला भरपूर वाटतं. पण केस स्टडी आली की मोठा उतारा आणि त्यावर एकामागून एक प्रश्न, त्यात सुरुवातीलाच अशी एक आली की मी उतारा तीनदा वाचला आणि नऊ मिनिटं गेली. नंतर सवय बदलली, आधी प्रश्न वाचायचा, मग उताऱ्यात शोधायचं. चारपैकी दोन पर्याय पहिल्या नजरेत जातात, उरलेले दोन्ही बरोबर वाटतात, आणि तेव्हा प्रश्नात 'आधी' विचारलंय की 'सर्वात योग्य' विचारलंय ते परत बघायचं. मी २३ प्रश्न खूण करून ठेवले होते, परत बघताना त्यातली फक्त पाच उत्तरं बदलली. दीड तासाच्या सुमाराला तहान लागली, पण उठायचं नव्हतं. मोठ्याने वाचायची सवय असेल तर आधीपासून मोडा, मी ओठ हलवले तर लगेच चॅटवर सूचना आली आणि त्या धक्क्यात पुढचा प्रश्न काही कळेचना.

अकरा मिनिटं उरली असताना सबमिट केलं. मधे एक सर्व्हे येतो, तुम्हाला अनुभव कसा वाटला वगैरे, त्या क्षणी! काय टिकमार्क केलं ते मला अजिबात आठवत नाही. मग निकाल स्क्रीनवर आला, पास. मी रडले वगैरे नाही, आधी जाऊन पाणी प्यायले. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "येऊ का आता घरी?"

नंतर नॉलेज एरियाप्रमाणे कामगिरी कळते. ज्या स्ट्रॅटेजीच्या तीनशे तासांनी मला जूनमधे रडवलं होतं ती चांगली निघाली. सगळ्यात कच्चं निघालं एलिसिटेशन, माझे १९०० तासवालं. विचार केल्यावर कारण कळलं, मी मीटिंग झाली की मिनिट्स पाठवते आणि कोणी उत्तर दिलं नाही की कन्फर्म झालं असं धरते. सात वर्षं. वहीत ही ओळच नव्हती.

आता दर तीन वर्षांनी ६० सीडीयू, म्हणजे पुढे शिकत राहिल्याचे युनिट, दाखवून सर्टिफिकेट चालू ठेवावं लागतं, त्याची नोंद आत्तापासून ठेवतेय. तासांचं एक्सेल तीन जणांनी मागितलंय, रिकामं करून देते. प्रोजेक्टची नावं आणि महिने मात्र आजच कुठेतरी लिहून ठेवा, परीक्षा द्यायची असो नसो, कारण ती मैत्रीण फोन उचलेलच असं नाही.